वाघाची जागा

आपल्याकडे दिवाळीचा पहिला दिवा लागतो तो वसुबारसेला. आश्विन वद्य द्वादशीची संध्याकाळ, दारात रांगोळी, आणि सवत्स धेनूची पूजा. अर्थात दादर-गिरगावच्या किंवा पुण्यातल्या पेठांच्या वस्तीत गाय आणि तिचे वासरू ही जोडी आता मिळावी कुठून? तेव्हा पाटावर पितळेची गाय मांडायची, तिला हळदकुंकू वाहायचे आणि मुलांना सांगायचे, "नमस्कार करा." मुले बिचारी करतात. गाय त्यांनी दुधाच्या पिशवीवर पाहिलेली असते. ओळख पटायला तेवढे पुरते.

त्याच तिथीला डहाणू तालुक्यातल्या वारली पाड्यांतून मात्र दुसरीच बारस पाळतात. तिचे नाव वाघबारस. गायीची पूजा कोणालाही समजेल. ती दूध देते. पण जो गोठ्यातली गाय उचलून नेतो त्याचीच पूजा? शहरी मनाला हे कोडे पडते. वारली माणसाला ते कोडे वाटत नाही, कारण त्याच्या घरी या पूजेची एक कथा आहे. पाड्यापाड्यावर ती थोडी निराळी सांगतात. गाभा एवढाच, की एका कुमारिकेला मुलगा झाला आणि तो वाघाचे रूप घेऊन गावातली जनावरे मारू लागला. गावकरी त्याला मारायला उठले तेव्हा आई मधे पडली. तिने तोड काढली: मुलाने रानात राहावे, गावाने त्याला एक ठाणे द्यावे, आणि वर्षातून एकदा त्याचा मान त्याला पोचवावा. झाला करार! तोच वाघोबा, तोच वाघदेव. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतून संशोधकांनी वाघोबाची सुमारे दीडशे ठाणी शोधून काढली आणि २०२१ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्या मुलुखात आज पट्ट्यांचा वाघ राहिलेला नाही, बिबट्या आहे. पण मराठीत दोघेही वाघच, आणि करार दोघांनाही लागू!

या कथेत भूतदयेचा शब्दही नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. वाघ बिचारा आहे, त्याच्यावर दया करा, असे ती आई म्हणत नाही. ती जागेचा प्रश्न सोडवते. तू तिथे, आम्ही इथे, आणि मधली सीमा दोघांनीही पाळायची. प्राणी वाचवण्यासंबंधी आपण आज जे बोलतो, लिहितो, आणि मुलांकडून काढवून घेतो, त्यात हा जागेचा विचार कितीसा असतो? मागच्या वर्षी ऑक्टोबरात वाणगावच्या परिसरातल्या एका शाळेने मला परीक्षक म्हणून बोलावले, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे वन्यजीव सप्ताह. त्या निमित्ताने राज्यभर चित्रकलेच्या स्पर्धा होतात. ही त्यांतलीच एक. विषय होता 'संकटातले प्राणी'. चित्राच्या पाठीमागे मुलांनी चार ओळी लिहायच्या, अशी अट होती. त्या चार ओळी तपासायला मराठीचा प्राध्यापक हवा म्हणून माझी निवड झालेली. चित्रकलेतले मला फारसे कळते असा माझाही दावा नाही.

वाणगाव तुम्ही कदाचित गाडीतून पाहिले असेल. बोईसर सुटले आणि डहाणू यायचे आहे, एवढ्यात हे स्टेशन येते. मिरचीसाठी नावाजलेले गाव. पश्चिमेला काही मैलांवर चिंचणीचा समुद्र, पूर्वेला गंजाडच्या बाजूचे रान आणि पाडे, दक्षिणेला बोईसरची कारखानदारी आणि १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुकेंद्र. त्यामुळे इथल्या एकाच वर्गात कारखान्यातल्या फिटरचा मुलगा, मच्छीमाराची मुलगी, वाडीवाल्याचा नातू आणि पाड्यावरून चालत येणारी वारली पोरे मांडीला मांडी लावून बसतात. प्राण्यांकडे पाहण्याच्या इतक्या निरनिराळ्या दृष्टी एका छपराखाली मिळणे कठीण.

साठ-पासष्ट चित्रे टेबलावर आली. निम्म्याहून अधिक चित्रांत वाघ होता, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या डोळ्यांत एक टपोरा अश्रू होता! कुठे पृथ्वीचा गोल, त्याखाली दोन ओंजळी आणि गोलावर बसलेला वाघ. कुठे अर्धे झाड हिरवे, अर्धे वाळलेले, आणि खाली पुन्हा वाघ. रंगकाम सफाईदार. दोन चित्रांत पांडाही होता. तो वाणगावपर्यंत कसा पोचला हे सांगायला नको. मुलांच्या हाती मोबाइल आहे, आणि मोबाइलमध्ये नमुना तयार आहे.

मग मी चित्रे उलटून मागच्या ओळी वाचू लागलो. "वाघ हा आपला राष्ट्रीय प्राणी आहे. त्याची शिकार थांबवली पाहिजे. जंगले वाचवली पाहिजेत. आपण सर्वांनी जागे झाले पाहिजे." पुढच्या चित्रामागेही तेच. त्याच्या पुढच्याही मागे तेच. पाहिजे, पाहिजे, पाहिजे! मराठी शिकवणाऱ्याच्या कानाला हा शब्द चटकन खटकतो. 'पाहिजे' हे मोठे सोयीचे क्रियापद आहे. त्यात काम असते, पण ते करणारा माणूस सापडेलच असे नाही. जंगले वाचवली पाहिजेत, कोणी? शिकार थांबवली पाहिजे; कोणी? मुलांनी हा प्रयोग कुठून उचलला हेही उघड आहे. सभेत, वर्तमानपत्रात आणि जेवणाच्या पानावर आपण मोठी माणसे याच प्रयोगात बोलतो.

या 'पाहिजे'च्या गर्दीत एक चित्र निराळे निघाले. किनाऱ्यावरच्या एका मुलीने काढलेले. होडी एवढीशी, आणि होडीतला माणूस होडीहून मोठा. त्याच्या हातात सुरी. खाली जाळे, त्याचा एकेक चौकोन चिकाटीने आखलेला, आणि जाळ्यात कासव. मागे चारच ओळी होत्या: "आमच्या जाळ्यात कासव आले. बाबांनी जाळे कापले. आई रागावली. मग म्हणाली, बरे केले."

'पाहिजे' एकदाही नाही. सगळी क्रियापदे भूतकाळी, आणि प्रत्येकाला धडधडीत कर्ता. आई का रागावली हे कोळीवाड्यात कोणाला विचारावे लागत नाही. जाळ्याला पैसे पडतात. समुद्री कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पूर्ण संरक्षण दिले आहे हे खरे, पण कायदा काही जाळे विणून देत नाही. ही अडचण ओळखून राज्य शासनाने २०१८ साली एक योजना सुरू केली: संरक्षित सागरी प्राणी सोडवताना जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई. वाघोबाच्या आईने काढलेल्या तोडग्याचीच ही सरकारी आवृत्ती म्हणायची! प्राण्याला वाट मिळाली आणि माणसाचे नुकसानही कोणीतरी मोजले. जवळच डहाणूत जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे. वनखाते आणि स्थानिक स्वयंसेवक मिळून ते चालवतात. टाकून दिलेल्या जाळ्यांत अडकून वल्ह्यांसारखे पाय जायबंदी झालेली कासवे पावसाळ्यात किनाऱ्याला लागतात, ती तिथे आणतात. आपल्या देवळांतून गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते आणि आपण त्याला वाकून नमस्कार करतो. ते उलटे पडले तर सुलटे कसे करायचे, हे मात्र किनाऱ्यावरच्या पोरांनाच ठाऊक!

आणखी एक चित्र एका वारली मुलाचे होते. कागदाच्या मधोमध मेलेला बैल, त्याच्याभोवती कुत्री, आणि वरच्या कोपऱ्यातून उतरणारे पाच-सहा विलक्षण पक्षी. अंग कोंबडीचे, मान लांब आणि उघडी. मी चित्र उलटले. "आजा सांगतो, पूर्वी मेलेल्या बैलावर गिधाडे यायची. मी पाहिली नाहीत. म्हणून कोंबडीसारखी काढली."

आमच्यातले एक परीक्षक सद्गृहस्थ हसले. "गिधाडाची चोच कशी असते एवढेही ठाऊक नाही याला!" त्यावर चित्रकलेचे शिक्षक शांतपणे म्हणाले, "साहेब, दाखवायला गिधाड आणू कुठून?"

या प्रश्नाला आमच्यापैकी कोणापाशी उत्तर नव्हते. तुम्हीआम्ही एलिमेंटरीच्या परीक्षेत 'स्मरणचित्र' काढले आहे. पाहिलेले आठवून काढायचे, ते स्मरणचित्र. या मुलाने आजोबांच्या स्मरणावरून चित्र काढले होते. त्याच्या मुलाला तेवढेही साधणार नाही. प्राणी नाहीसा होतो तो आधी रानातून, मग डोळ्यांतून, आणि शेवटी आजोबांच्या गोष्टीतून. तिसरी पायरी ओलांडली, म्हणजे तो नाहीसा झाला हेही कोणाला कळत नाही.

गिधाडांची कथा मुलांना सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात बंदूकवाला शिकारी नाही. आजारी गुराला वेदना होऊ नयेत म्हणून डायक्लोफिनॅक नावाचे औषध देऊ लागले. देणाऱ्याचा हेतू दयेचाच. पण ते गुरू मेले आणि त्यावर गिधाडे बसली, की त्या औषधाने त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. १९९० नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. कारण उमगले २००४ च्या सुमारास, आणि २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर मेलेली जनावरे सडू लागली होती आणि भटकी कुत्री वाढली होती. वारली मुलाच्या चित्रात बैलाभोवती कुत्री होती, ती उगीच नव्हेत! २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी असा अंदाज प्रसिद्ध केला, की गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची दगावली. ज्या पक्ष्याला आपण अशुभ म्हणून नाके मुरडली, तो गावाची केवढी चाकरी करीत होता! रामायणाने जटायूला मान दिला. आपण मात्र गिधाड हा शब्द शिवीसाठी राखून ठेवला.

निकालाविषयी माझी तक्रार नाही. पहिले बक्षीस अश्रू ढाळणाऱ्या वाघाला मिळाले. त्याचे पट्टे खरोखर सुंदर होते. कासवाला दुसरे मिळाले, आणि बऱ्याच चर्चेनंतर कोंबडीवजा गिधाडांना उत्तेजनार्थ. वाघाची चित्रे काढून काही होत नाही, असेही मी म्हणणार नाही. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि वाघ पोस्टरांवर, तिकिटांवर, पाठ्यपुस्तकांत आला. २००६ च्या मोजणीत देशात १,४११ वाघांचा अंदाज होता. २०२२ च्या मोजणीत तो ३,६८२ वर गेला, आणि त्यांतले ४४४ आपल्या महाराष्ट्रातले. लोकांच्या डोळ्यांसमोर वाघ सतत राहिला, याचा त्यात काहीच वाटा नसेल असे कसे म्हणावे? परंतु खरे काम झाले ते राखीव जंगलांमुळे, म्हणजे पुन्हा जागेमुळेच.

आणि जागेची गोष्ट निघाली की मला पुन्हा ती चित्रे आठवतात. सफाईदार चित्रांतला वाघ कुठे बसला होता? पृथ्वीच्या गोलावर! गोलावर गवत नव्हते, पाणवठा नव्हता, हरिण नव्हते. त्या वाघाने रात्री काय खावे? याउलट वारली भिंत पाहा. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक कुटलेली बांबूची काडी. माणूस म्हणजे दोन त्रिकोण. त्याच्या बाजूला तेवढ्याच आस्थेने काढलेले झाड, मुंग्यांची रांग, खेकडा, कोंबडा, साप. कोणी मोठा नाही, कोणी छोटा नाही. तारप्याच्या नाचाचा फेरा आणि रानातली जनावरे एकाच भिंतीवर सुखाने नांदतात. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची ही कला. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७० नंतर ती कागदावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते निवर्तले. आज तिचे नमुने चहाच्या कपांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर आपल्या घरी आले आहेत. नक्षी आपण घेतली. तिच्यातली शेजाराची समज घेतली का, हे मात्र ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

हा प्रश्न वाणगावला तरी पुस्तकी नाही. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ साली त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण नेमले गेले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी ते दीर्घकाळ सांभाळले. याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवणच्या बंदराला नकार दिला. २०२३ साली, नव्या योजनेला, त्यानेच अटींसह होकार दिला. आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पायाभरणी झाली. खर्चाचा आकडा शहात्तर हजार कोटी रुपयांच्या वरचा. बंदराने हजारो हातांना काम मिळेल असे सरकार म्हणते; आमचा समुद्र जाईल असे मच्छीमार म्हणतात. दोन्ही घरांतली मुले त्या एकाच वर्गात बसतात. मी इथे कोणाचे वकीलपत्र घेतलेले नाही. पण एवढे मोठे चित्र काढायला घेतले आहे, तर त्यात कासवाची जागा कुठे, जाळे टाकणाऱ्याची जागा कुठे, हे विचारण्याचा हक्क त्या जाळ्याचा एकेक चौकोन आखणाऱ्या मुलीला आहे. ती मोठी होईल तेव्हा उत्तर कागदावर राहणार नाही, किनाऱ्यावर दिसेल.

तुम्ही म्हणाल, आम्ही शहरात राहणारी माणसे; आमच्या मुलांनी कासव आणि गिधाड पाहावे कुठे? प्रश्न वाजवी आहे. पण जिथे राहता तिथे काहीच नाही, असेही नाही. मुंबईकरांच्या शेजारी, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, बिबट्या नांदतो आहे. शंभर शाळांतल्या वाघांच्या चित्रांत हा शेजारी मला क्वचितच दिसतो. तो भेटतो फक्त वर्तमानपत्रात, आणि तोही 'दहशत' या शब्दाला जोडून. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ सालापासून गावकऱ्यांच्या साहाय्याने कासवांची अंडी राखली. तिथे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पिले समुद्राकडे जाताना पाहता येतात, आणि गावकरी आपल्याच घरी पाहुण्यांची सोय करतात. जी सुट्टी आपण हॉटेलात घालवतो, तिच्यातले दोन दिवस इकडे गेले तर मुलांचे काही बिघडणार नाही. आणि तेही नको असेल, तर निदान पुढच्या वेळी मूल प्राण्याचे चित्र घेऊन आले, की "वा, छान!" म्हणून ते बाजूला ठेवू नका. दोन प्रश्न विचारा. हा खातो काय? आणि झोपतो कुठे? मूल पेन्सिल घेऊन परत बसेल, आणि चित्रात आपोआप झाडे, पाणी आणि शेजारी येऊ लागतील.

आता दिवाळीच आहे, तेव्हा अंगणात किंवा सोसायटीच्या जिन्याखाली पोरे किल्ला करायला बसलीच असतील. विटा, माती, जुनी पोती. वर हळिवाची नाहीतर मोहरीची हिरवळ. शिखरावर महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याशी विहीर आणि भाजीवाली. मराठी मुलांची ही खरी चित्रकला. तिला ना विषय द्यावा लागतो, ना बक्षीस. या किल्ल्यात एक गोष्ट कधी चुकत नाही, तुम्ही पाहिलीच असेल. दरवाजा राहील, तोफ राहील, पण कुठल्यातरी उतारावर बोटाने माती उकरून एक गुहा केलेली असते, आणि तिच्या तोंडाशी मातीचा वाघ बसवलेला असतो. महाराजांच्या राज्यात वाघाला जागा असलीच पाहिजे, हे कोणी शिकवलेले नसते.

यंदा तुमच्या घरचा किल्ला पाहायला जाल तेव्हा ती गुहा नीट बघा. कुठे घाईत राहून गेली असेल, तर मुलांना आठवण करा. आणि वाघाजवळ एखादा दिवा ठेवा. तिथी विचाराल तर, वाघबारस.